शॉर्टब्रेड: मैदा, बटर, साखर, बास

शॉर्टब्रेड हा स्कॉटलंडचा खुसखुशीत गोड पदार्थ, त्यात मैदा, बटर आणि साखर एवढंच असतं. अंडं नाही, दूध नाही, बेकिंग पावडर नाही, व्हॅनिला तर नाहीच नाही. त्यामुळे एडिनबरात येऊन बरीच वर्षं झाली तरी ते घरी करावं असं मला कधी वाटलं नव्हतं, एकतर ह्यात करण्यासारखं आहे काय असं वाटायचं आणि दुसरं म्हणजे इथे ते कुठेही मिळतं, कोपऱ्यावरच्या दुकानात, स्टेशनात, एअरपोर्टवर तर टार्टनच्या, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या, लाल डब्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात. भारतात जाताना बॅगेत उरलेल्या जागेत हे डबे कोंबायचे हा आमच्याकडचा नियम. त्यातले वॉकर्सचे डबे तुम्ही पाहिले असणारच, १८९८ साली जोसेफ वॉकरने सुरू केलेली बेकरी, आता स्पेसाइडमधल्या अ‍ॅबरलावर गावात आहे, आणि ते चांगलंच असतं. विकतचं सगळं वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण आम्ही एडिनबरातल्याच लीथ भागात एका जुन्या दगडी बिल्डिंगमध्ये राहतो आणि खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांनी एकदा जिन्यात थांबवून हातावर घरच्या शॉर्टब्रेडचा तुकडा ठेवला. चांगला जाड, रंगाने जवळजवळ पांढराच, वर साखरेचे दाणे दिसतायत, आणि दाताखाली कट्कन तुटत नाही तर आधी जरा ठाम राहतो आणि मग एकदम रवाळ होऊन विरघळतो. मी तिथेच जिन्यात रेसिपी विचारली. उत्तर आलं, एक, दोन, तीन. साखर एक, बटर दोन, मैदा तीन, सगळं वजनाने. आपल्याकडे कुठल्याही आजीला प्रमाण विचारलं की 'अंदाजाने' असं उत्तर येतं आणि इथे थेट वजनकाटा, मला फार बरं वाटलं. म्हणजे १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. हे प्रमाण इथे पोराबाळांनाही पाठ असतं.

आता बटर. दुकानात गेल्यावर कळतं की खरी परीक्षा इथेच आहे, कारण तीनच जिन्नस असल्यावर त्यातला एक जरी बेताचा असला तरी लपायला जागाच नाही. मार्जरीन वगैरेचा विचारही करू नका, त्याने आकार येतो, चव येत नाही. सॉल्टेड घ्यायचं की अनसॉल्टेड ह्यावर इथल्या लोकांत आपल्याकडच्या पुरणपोळी-गुळपोळीइतकेच पंथ आहेत. आजी सॉल्टेडवाल्या. मी अनसॉल्टेड घेऊन वरून पाव चमचा मीठ घातलं, म्हणजे मीठ माझ्या ताब्यात. घरी कढवलेलं तूप होतं आणि बायको म्हणाली की तूपच घाल ना, त्यात काय एवढं. घालता येतं, पण मग ते शॉर्टब्रेड राहत नाही, नानकटाईच्या गावाला जातं. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, बाकी थोडं पाणी आणि दुधाचा घन भाग, आणि ओव्हनमध्ये जो खमंग वास सुटतो ना तो बराचसा त्या दुधाच्या भागाचा असतो. तूप कढवताना आपण नेमकं तेच बेरी म्हणून गाळून टाकतो (आणि मग साखर घालून चमच्याने खातो, ते वेगळं).

मैदा म्हणजे इथलं साधं प्लेन फ्लार. सेल्फ रेझिंगचं पाकीट शेजारीच सारख्याच रंगात असतं, ते घ्यायचं नाही, त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते आणि शॉर्टब्रेड फुगवायचं नसतं. ब्रेडसाठीचं पीठही नको, त्यात प्रोटीन जास्त असतं आणि आपल्याला इथे चिवटपणा अजिबात नकोय. ह्यापुढचा प्रश्न तांदळाच्या पिठाचा. बऱ्याच स्कॉटिश घरांत मैद्यातला थोडा भाग काढून त्याजागी ग्राउंड राइस घालतात, काहीजण रवा घालतात, त्याने तो रवाळ कुरकुरीतपणा येतो, आणि कॉर्नफ्लार घातलं तर उलट अगदी मऊसूत होतं. हे ग्राउंड राइस आपल्या मोदकाच्या पिठीसारखं बारीक नसतं, हाताला चांगलं खरखरीत लागतं, बारीक रव्याच्या जवळचं. मी २५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम ते असं केलं. साखर कॅस्टर, म्हणजे बारीक दाण्याची. आपली नेहमीची जाड साखर असेल तर मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवायची पण पार पिठीसाखर होऊ द्यायची नाही. पिठीसाखरेनेही छान होतं पण ते तोंडात नुसतं विरतं, दाणा लागत नाही, आणि मला तो दाणा हवा होता.

हा पदार्थ गरिबाघरचा नव्हे हे मला आधी माहीत नव्हतं. साधेपणा बघून वाटतं की शेतकऱ्याच्या घरी रोज होत असेल, पण इथला रोजचा धान्य-आधार ओट्सचा, रोजची भाकरी म्हणा हवं तर, ती ओटकेकची. गहू, साखर आणि एवढं बटर म्हणजे सणावाराचा माल. मूळ बघायला गेलं तर उरलेली ब्रेडची कणिक वर साखर घालून मंद ओव्हनमध्ये वाळवायचे, एक प्रकारचे टोस्टच, त्याला बिस्किट ब्रेड म्हणायचे, आणि पुढे कधीतरी त्यातलं यीस्ट गेलं आणि बटर आलं. सोळाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीला हे फार आवडायचं आणि त्रिकोणी तुकड्यांचा गोल शॉर्टब्रेड तिच्यामुळे आला असं प्रत्येक टुरिस्ट गाइड सांगतो. मला त्या गोष्टीचा फारसा भरवसा नाही, इथे कुठल्याही जुन्या गोष्टीला मेरी राणी चिकटवायची पद्धतच आहे, आपल्याकडे प्रत्येक भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं तसं.

असो. करायला घेतलं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी पावणेचारला इथे सूर्य मावळलेला असतो, स्वयंपाकघर गारठलेलं आणि बटर दगडासारखं. मायक्रोवेव्हमध्ये टाकायचा मोह होतो पण वितळलेलं बटर चालत नाही, पीठ तेलकट होतं आणि भाजताना पसरतं. त्याचे तुकडे करून ताटलीत पसरून ठेवले आणि दीड-दोन तास विसरून गेलो. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण चकाकी यायला नको, तेवढं मऊ. मग साखर आणि बटर हातानेच एकत्र केलं. मिक्सरने फेटायचं नाही असं आजींनी बजावलं होतं, फेटलं की हवा शिरते आणि मग तो केकच्या वाटेला लागतो. मीठ त्यातच टाकलं. मैदा आणि ग्राउंड राइस चाळून थोडं थोडं घालत गेलो आणि बोटांच्या टोकांनी चोळत गेलो. तळहात नाही वापरायचा, तो गरम असतो.

आणि मग तो टप्पा आला की जिथे भांड्यात नुसता भुगा दिसतो. गोळा बनायचं चिन्ह नाही. कुठल्याही मराठी माणसाचा हात इथे दुधाच्या भांड्याकडे जाणार, चमचाभर घातलं की झालं. आईला व्हिडिओ कॉल लावून भांडं दाखवलं. ती पुण्यात बसून म्हणाली, "अरे मूठ वळून बघ ना, मुटका होतोय का?" भुग्यातला मूठभर घेऊन दाबला तर मस्त मुटका झाला, बोटांचे ठसे उमटलेला, आणि अंगठ्याने ढकलला तर मोडला. "झालं मग, मोहन बरोबर आहे," ती म्हणाली आणि लगेच पुढचा प्रश्न, "पण कडकडीत घातलंस ना?"

तर हेच. शंकरपाळ्यांना, करंज्यांना आपण मोहन घालतो तेव्हा जे होतं तेच इथे होतं, फक्त प्रमाण कुठच्या कुठे. पिठाच्या कणांना आधी फॅटचा लेप बसला की पाणी आतपर्यंत पोचत नाही, पाणी पोचलं नाही की ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत, आणि धागे नाहीत म्हणून वस्तू खुसखुशीत. आपण शंकरपाळ्यांत मोहन घालून पुन्हा दुधा-पाण्याने पीठ मळतो, त्यामुळे लाटता येण्याइतके धागे तरी होतात. शॉर्टब्रेडमध्ये पाणी म्हणजे बटरमधलं असेल तेवढंच. म्हणून दूध घालायचं नाही आणि म्हणून मळायचंही नाही, नुसतं दाबून जमवायचं. कडकडीतचं मात्र इथे चालत नाही हे आईला पटवायला वेळ लागला. मोहन म्हणजे गरमच, ह्यावर तिचं कित्येक दिवाळ्यांचं संशोधन आहे.

त्या भुग्यातला साधारण पाव भाग साच्यासाठी बाजूला काढला. साचा म्हणजे लाकडाचा जाडजूड गोल तुकडा, मधे थिसलचं काटेरी फूल कोरलेलं, स्कॉटलंडचं राष्ट्रीय चिन्ह ते. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये असे साचे अधूनमधून मिळतात, कोणाच्या तरी घरातून आलेले, वापरून वापरून काळपट झालेले. आत तांदळाची पिठी भुरभुरवायची, जास्तीची झटकायची, पीठ घट्ट दाबून भरायचं आणि मग साचा उलटा करून ओट्यावर आपटायचा. एकदा आपटून काही होत नाही, बिल्डिंगला कळेल इतका आपटावा लागतो. निघालं तेव्हा थिसलची एकेक रेघ उठलेली. आपल्या संदेशाच्या किंवा खव्याच्या साच्यापेक्षा हे जास्त हट्टी प्रकरण आहे कारण पिठाला स्वतःचा असा चिकटपणाच नसतो.

बाकीचं सगळं २० सेंटीमीटरच्या चौकोनी टिनमध्ये बेकिंग पेपर घालून दाबलं आणि पेल्याच्या बुडाने सपाट केलं. गोल टिन असता तर ते त्रिकोणी तुकडे करता आले असते, कडेने अंगठा आणि बोटाने चिमटे काढत जायचं, करंजीला मुरड घालतो त्याच्या निम्मं काम. चौकोनी टिनमध्ये बोटांएवढे लांब तुकडे. सुरीने आत्ताच रेघा मारून ठेवायच्या, पूर्ण कापायचं नाही, आणि काट्याने आरपार टोचे मारायचे. हे टोचे शोभेचे नाहीत, आतली वाफ बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर मधेच फोड येऊन पृष्ठभाग वर उचलला जातो. मग टिन आणि साच्यातलं थिसल दोन्ही फ्रीजमध्ये अर्धा तास. खरं तर बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण आमच्याकडचे सीगल फार आगाऊ आहेत.

ओव्हन १५० वर, फॅनवाला. साधा असेल तर १६०. इथेच सगळ्यात जास्त धीर लागतो, कारण काही घडतच नाही. केक फुगतो, पाव रंगतो, इथे काचेतून बघत बसलात तरी अर्धा तास जसंच्या तसं. तापमान वाढवावंसं वाटतं. नाही वाढवायचं. शॉर्टब्रेड भाजण्यापेक्षा वाळवायचं जास्त असतं, आतला ओलावा हळूहळू जायला हवा आणि तोपर्यंत वरचा रंग चढायला नको. जोरात आच दिली तर कडा तपकिरी आणि मध्य कच्चा, पिठाळ चवीचा. साधारण पस्तीस मिनिटांनी वास बदलला, आधी नुसता गरम बटरचा होता तो भाजक्या दुधाकडे झुकला. थिसल तेव्हा बाहेर काढलं, पातळ होतं म्हणून. मोठा टिन पन्नास मिनिटांच्या आसपास, कडेला फिकट सोनेरी आणि मधे मळकट पांढरा असा झाला तेव्हा. ह्याहून जास्त रंग आवडणारे लोक आहेत, खमंग लागतं ते खरं, पण मग बटरची चव मागे पडते आणि बिस्किटासारखं लागायला लागतं. मी फिकटवाल्यांच्या बाजूने.

बाहेर काढल्यावर ते मऊ असतं, बोटाने दाबलं तर दबतं. घाबरून परत ओव्हनमध्ये ढकलू नका, गार होताना बटर आळतं आणि मग घट्ट होतं. पण नेमक्या ह्या मऊ अवस्थेत आधीच्या रेघांवरून सुरी आरपार घालून घ्यायची. गार झाल्यावर कापायला गेलं तर रेघ सोडून हवं तिथे तुटतं. वरून कॅस्टर साखर ह्याच वेळी, गरम असताना दाणे धरतात. थिसलवर साखर घातली नाही, नक्षी बुजते. आणि मग टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्यायचं. घरभर वास सुटलेला असताना हे म्हणजे छळ आहे, बायकोने कोपऱ्यातला एक तुकडा उचललाच, चांगलं आहे म्हणाली पण गरमगरम खाण्यात खरंच काही मजा नाही, नुसतं गोड बटर लागतं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार आठवडे सहज टिकतं.

ह्या सगळ्याला डिसेंबरअखेरचा मुहूर्त का, तर हॉग्मने. ३१ डिसेंबर. इथे नाताळपेक्षा हा सण जुन्या लोकांना जवळचा, नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा स्कॉटलंडात १९५८ साली सुरू झाली, तोपर्यंत लोक २५ तारखेला कामावर जायचे. नववर्षाची मात्र २ जानेवारीलाही सुट्टी असते, बाकी ब्रिटनमध्ये नसते. तर बारा वाजून गेल्यावर घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं ह्यावर त्या घराचं वर्ष कसं जाणार ते ठरतं, त्याला फर्स्ट फुटिंग म्हणतात, आणि तो पहिला माणूस उंच, काळ्या केसांचा पुरुष असावा असा संकेत आहे. सोनेरी केसवाला दारात आला म्हणजे व्हायकिंग आला, अशी त्यामागची भीती सांगतात. आजींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून उंचीवर सवलत दिली आणि केस पास केले. एरवी परक्या देशात काळ्या केसांचा असा थेट फायदा फार क्वचित होतो.

पण रिकाम्या हाताने जायचं नसतं. कोळसा, मीठ, ब्लॅक बन नावाचा मनुकांनी गच्च भरलेला केक, व्हिस्की आणि शॉर्टब्रेड ह्यांतलं काहीतरी न्यायचं, म्हणजे त्या घरात वर्षभर ऊब, अन्न आणि पेय कमी पडत नाही. कोळसा आता कुठे मिळणार, बिल्डिंगमधल्या शेकोट्या कधीच्या बुजवल्यात. मी थिसलवालं शॉर्टब्रेड आणि व्हिस्कीची छोटी बाटली घेऊन किल्ल्याकडचे फटाके वाजायला लागल्यावर एक मजला खाली उतरलो. एवढाच काय तो प्रवास.

आजींनी आधी व्हिस्की ओतली, मग शॉर्टब्रेड कानाजवळ नेऊन मोडलं. आवाज ऐकतात त्या. मग चावून म्हणाल्या, "तांदूळ घातलास." प्रश्न नव्हता तो. त्यांच्याकडे घालत नाहीत, त्यांची बहीण रवा घालते आणि त्यावरून दोघींचं जुनं भांडण आहे. त्यांची आई शेटलंड बेटांवरची, तिथे लग्नाला नवरीच्या डोक्यावर शॉर्टब्रेड मोडायची चाल होती, त्यात कॅरवे घालायचे, आपल्या शहाजिऱ्यासारखं ते, आणि पडलेले तुकडे पोरी उशाखाली घेऊन झोपायच्या म्हणजे स्वप्नात होणारा नवरा दिसतो. "मला कोणी दिसलं नाही, उशी मात्र बटरने खराब झाली," हे त्यांचंच वाक्य. माझ्या शॉर्टब्रेडवर निकाल असा की भाजलंय बरोबर, मीठ बरोबर, पण पातळ आहे, पुढच्या वेळी दीड सेंटीमीटरच्या खाली करू नकोस. चौकोनी टिनमधले तुकडे दुसऱ्या दिवशी नेऊन दिले तेव्हा तेही पातळच ठरले. हे मला मान्य आहे, २० सेंटीमीटरच्या टिनला सहाशे ग्रॅमचं अख्खं पीठ लागतं, त्यातला भाग साच्याला द्यायचा तर टिन लहान हवा.

आईने तिकडे तिच्या ओटीजीत करून बघितलं. तुम्हाला करायचं असेल तर भारतातल्या दोन-तीन गोष्टी तिच्याकडून कळल्या त्या सांगतो. अमूलचं नेहमीचं बटर चांगलंच खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ अजिबात नको, आणि त्यात रंग असतो म्हणून शॉर्टब्रेड पिवळसर दिसतं, ते भाजलं गेलंय असं समजू नका, रंगाऐवजी वासावर जा. पुण्यातल्या हवेत बटर बाहेर काढलं की काही मिनिटांत पातळ व्हायला लागतं, तेव्हा फ्रीजमधून काढून किसून घ्या, आणि टिनमध्ये दाबल्यावर तासभर तरी परत फ्रीजमध्ये. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो, तो शेवटची पाच-सात मिनिटं सोडली तर बंदच ठेवा. ग्राउंड राइस नाही मिळालं तर बारीक रवा, आजींच्या बहिणीचा पंथ.

तिने फोटो पाठवला, रंग मस्त, टोचे एका रेषेत, जाडीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली. मी विचारलं कसं झालंय, तर म्हणाली छानच झालंय, सगळं तू सांगितलंस तसंच केलं, फक्त बटर थोडं कमी पडलं म्हणून अर्धं तूप घातलं आणि नुसतंच काय करायचं म्हणून जरा वेलची. मी म्हटलं आई मग ती नानकटाई झाली. ती म्हणाली, "असेल, पण शेजारी सगळ्यांना मी स्कॉटलंडचं म्हणून वाटलंय."